खोक्यावरचा वेग आणि रात्रभराची चाचणी

नवा कॉम्प्युटर जुळवून झाला, विंडोज चढवलं आणि सहज टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं, तर तिथे वेग दिसतो २१३३. रॅमच्या खोक्यावर मात्र ठळक आकडा असतो ३६००. दुकानदाराने गंडवलं असं वाटून लोक बिल शोधायला लागतात. त्यातच कुणी सीपीयू-झेड उघडून पाहतो, तर तिथे १०६६. म्हणजे आणखी निम्मा!

तिन्ही आकडे खरे आहेत. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका आवर्तनात दोनदा माहिती पाठवते, म्हणून सीपीयू-झेडमधले १०६६ मेगाहर्ट्‌झ आणि टास्क मॅनेजरमधले २१३३ एकच. आणि २१३३ हा त्या स्टिकचा मानक वेग, कुठल्याही बोर्डवर बिनतक्रार सुरू होण्यासाठी ठेवलेला. मेमरीची मानकं जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर४ साठी तिच्या पायऱ्या १.२ व्होल्टवर ३२०० पर्यंत जातात. खोक्यावरचे ३६०० ही रॅमच्या कंपनीने वाढीव व्होल्टेजवर काढलेली चाल आहे. तिची कृती स्टिकवरच्याच एका छोट्या चिपमध्ये लिहिलेली असते. इंटेलच्या पद्धतीला एक्सएमपी म्हणतात, तर एएमडीने डीडीआर५ साठी २०२२ मध्ये आणलेल्या पद्धतीला एक्स्पो. बायोसमध्ये जाऊन ती निवडेपर्यंत रॅम मानक वेगानेच चालत राहते, आणि कित्येक घरांत ती वर्षानुवर्षं तशीच चालते.

तेव्हा एक्सएमपी लावलं की ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे मानकापलीकडे वेग ताणणं, सुरू झालं, हे आधी मान्य करून टाकायचं. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्याही त्याला आपल्या अधिकृत मर्यादेबाहेरचं समजतात, वॉरंटीच्या अटींत तसं लिहिलेलं असतं. रॅमच्या कंपनीने स्टिक तपासलेली असते, पण तुमच्या बोर्डवर, तुमच्या प्रोसेसरबरोबर, तुमच्या कॅबिनेटमधल्या गरमीत नव्हे. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो आणि एकाच मॉडेलच्या दोन प्रोसेसरांत तो सारखा निघेलच असं नाही. ही उरलेली तपासणी आपल्यालाच करावी लागते. ओव्हरक्लॉकिंगवर बोलणारे बहुतेक लोक आकडे चढवण्यावर बोलतात. माझ्या मते या उद्योगातला मोठा वाटा चाचणीचा आहे, आकडे बदलायला दहा मिनिटं पुरतात.

चाचणी टाळली तर काय होतं? कॉम्प्युटर बंद पडला तर एक वेळ बरं, निदान कळतं तरी. खरी पंचाईत तो चालू राहतो तेव्हा होते. झिप फाइल उघडताना अधूनमधून चूक येते आणि दुसऱ्यांदा उघडली की येत नाही. फोटो कॉपी केला, तर खालचा अर्धा भाग राखाडी पट्ट्यांचा. विंडोज अपडेट अर्ध्यात फसतं, गेम आपोआप बंद होतो आणि दोष ग्राफिक्स ड्रायव्हरवर जातो. लिनक्सचा निर्माता लिनस टॉरवाल्ड्‌सवरही ऑक्टोबर २०२२ मध्ये हीच वेळ आली होती. कंपायलर मधेच कुठेही कोसळायला लागला, पहिला संशय नव्या कर्नलवर गेला आणि अखेर मेमटेस्ट या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रॅमने दाखवलं की एक स्टिक बिघडली आहे. इतकी वर्षं कर्नल सांभाळणाऱ्या माणसाला रॅमचा संशय उशिरा येतो, तर इतरांचं काय सांगावं!

म्हणून पहिली चाचणी एक्सएमपी लावण्याआधी, मानक वेगावरच करायची. इथे चूक निघाली तर स्टिकच सदोष असण्याची शक्यता सर्वांत मोठी, आणि दुकानदाराशी बोलायला तुमच्याकडे भक्कम मुद्दा असतो. हे पहिल्या आठवड्यातच करा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काउंटरवरून घेतलेली असो की ऑनलाइन मागवलेली, बदलून मिळण्याची मुदत थोडी असते. त्यानंतर कंपनीच्या वॉरंटीचा लांबचा रस्ता उरतो. जुनी रॅम घेणाऱ्यांनी तर या चाचणीशिवाय पैसे देऊ नयेत. २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव भडकल्यापासून जुन्या स्टिकांचा बाजार बराच गरम आहे आणि त्यात सगळा माल चोख नाही.

चाचणीचं साधन म्हणजे मेमटेस्ट८६. त्याची फुकट आवृत्ती पेन ड्राइव्हवर चढवायची आणि त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करायचा. विंडोज मधे नसल्याने जवळजवळ सगळी मेमरी तपासली जाते. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात. १६ जीबीला काही तास लागतात, ३२ जीबी असेल तर रात्री लावून झोपावं. मेमटेस्ट८६+ हा त्याचा खुला भाऊबंदही चांगला आहे. विंडोजमध्ये आयती मिळणारी मेमरी डायग्नोस्टिक ढोबळ बिघाड पकडते. तिने पास केलं म्हणजे सुटलो, असं समजू नये.

चूक सापडली की पडद्यावर लाल ओळ उमटते. तिच्यात चाचणीचा क्रमांक, मेमरीतला पत्ता, काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं, हे सगळं असतं. बरेच लोक लाल रंग पाहूनच मशीन बंद करतात. थांबून ती ओळ वाचा. समजा अपेक्षित होतं ०००००००० आणि मिळालं ०००००४००. एवढ्या मोठ्या आकड्यात एकच बिट उलटलं आहे. पुढच्या ओळींतही त्याच पत्त्यावर तेच बिट उलटत असेल, तर चिपमधला तो कप्पा खराब आहे, सेटिंग बदलून तो सुधारायचा नाही. पत्ते विखुरलेले असतील, बिटं वेगवेगळी असतील आणि चुका तासाभराने, रॅम तापल्यावर सुरू होत असतील, तर बोट वेगाकडे, व्होल्टेजकडे किंवा उष्णतेकडे जातं. फक्त तेराव्या चाचणीत चुका येत असतील तर घाबरू नका. ती रोहॅमर चाचणी आहे. एकाच ओळीवर मुद्दाम भडिमार करून शेजारची ओळ बिघडते का, हे ती पाहते. रोजच्या वापरात तसा भडिमार सहसा होत नाही. बाकी कुठल्याही चाचणीत एक जरी चूक आली तरी नापासच. ‘एकच तर आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

चूक निघाली की दोन्ही स्टिका काढून एकेक तपासायची, एकाच स्लॉटमध्ये. चूक स्टिकबरोबर फिरत असेल तर स्टिक खराब, स्लॉटबरोबर राहत असेल तर बोर्ड किंवा प्रोसेसरचं सॉकेट पाहायचं. त्याआधी स्टिक काढून पुन्हा नीट, खटका वाजेपर्यंत बसवून पाहा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असं दुरुस्तीवाले सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती असली तरी फार नसावी.

मानक वेगावर रॅम पास झाली की मग एक्सएमपी. पण त्याआधी तीन साध्या गोष्टी पाहून घ्या, कारण ओव्हरक्लॉकिंगने मिळेल त्याहून जास्त फायदा त्यांतच आहे. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिका प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. बोर्डाच्या पुस्तिकेत त्यांना ए२ आणि बी२ म्हणतात. दुसरं, एक १६ जीबीची स्टिक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन. ३२०० च्या वेगाला एका चॅनेलमधून सेकंदाला २५.६ जीबी जातात, दोन चॅनेलमधून ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, रायझन ५६००जी सारख्या प्रोसेसरवर हा फरक गेममध्ये डोळ्यांना दिसतो. तिसरं, बोर्ड कुठला आहे. इंटेलच्या एच६१० बोर्डवर मेमरी ओव्हरक्लॉक होत नाही, बी६६० आणि बी७६० वर होते. एच६१० बरोबर ३६०० ची महागडी जोडी गळ्यात मारणारे विक्रेते आहेत. तो पैसा वाया.

आणि जोडी घ्यायची तर एकाच खोक्यातली. तोच मॉडेल क्रमांक सहा महिन्यांनी घेतला तरी आतल्या चिप सॅमसंगच्या जागी हायनिक्स किंवा मायक्रॉनच्या असू शकतात. मानक वेगावर त्यांचं जमून जातं, वेग वाढवला की कुरबुर सुरू.

आता खोक्यांवरचे आकडे कसे वाचायचे ते. वेगाबरोबर १६-१८-१८-३८ असे टायमिंग छापलेले असतात. पहिला आकडा सीएल, म्हणजे मागणी केल्यावर माहिती यायला लागणारी आवर्तनं. नुसता सीएल पाहून काही कळत नाही. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागा, म्हणजे नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल१६ म्हणजे १०. ३६०० सीएल१८ म्हणजेही १०. ३६०० सीएल१६ म्हणजे ८.९. डीडीआर५ ची ६००० सीएल३० पुन्हा १० वरच येते आणि ४८०० सीएल४० चक्क १६.७ वर. दुकानात उभं राहून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे गणित केलं तर ‘सर, हा नवा, फास्ट मॉडेल आहे’ याची किंमत लगेच कळते.

हाताने वेग वाढवायचा असेल तर एक खरं उदाहरण घेऊ: रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड आणि ३२०० सीएल१६ ची आठ-आठ जीबीची साधी जोडी. या प्रोसेसरमध्ये इन्फिनिटी फॅब्रिक नावाचा आतला रस्ता मेमरीच्या घड्याळाला जोडलेला असतो. ३६०० ला मेमरीचं घड्याळ १८०० वर येतं आणि फॅब्रिकही १८०० वर बहुतेक प्रोसेसरांत निवांत चालतं. म्हणून लक्ष्य ३६००. त्यापुढे फॅब्रिकची साथ सुटली तर वेग वाढूनही उशीर वाढतो आणि सगळा खटाटोप उलटा पडतो.

आधी एक्सएमपी लावा, म्हणजे बाकी टायमिंग जागेवर बसतील. मग वेग ३६००, फॅब्रिक १८००, टायमिंग मुद्दाम सैल, १८-२२-२२-४२, आणि मेमरीचं व्होल्टेज १.३५ वरून १.४०. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला लागणारं एसओसी व्होल्टेज १.१ च्या आसपास. सेव्ह करा. बोर्ड सुरू होताना मेमरीला ‘ट्रेन’ करतो. जमलं नाही तर दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊन जुन्या सेटिंगवर येतो. येत नसेल आणि पडदा काळाच राहिला, तर विजेची वायर काढून बायोसची सेटिंग पुसणारा सीमॉसचा जंपर स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडा, नाहीतर गोल सेल काही मिनिटं काढून ठेवा. हे करायची वेळ येतेच, जंपर कुठे आहे ते आधी पाहून ठेवलेलं बरं.

विंडोजपर्यंत पोचलात तर त्याला यश म्हणू नका, आता चाचणी. इथे विंडोजमध्ये चालणारं साधन सोयीचं: टेस्टमेम५, त्यात अंता७७७ नावाचं लोकप्रिय सेटिंग घालून. पैसे मोजायची तयारी असेल तर कारहू. बाकी सगळे प्रोग्रॅम बंद ठेवा. तासभर स्वच्छ गेलं की मग एक टायमिंग एक पायरी खाली. एका वेळी एकच बदला. सीएल, ट्रास आणि टीआरएफसी एकदम कमी केलं आणि चूक आली, तर दोषी कोण ते कळणार नाही आणि तीन बदल परत फिरवावे लागतील. एक खाचखळगा: ‘गिअर डाउन मोड’ चालू असेल तर रायझनवर विषम सीएल चालत नाही. तुम्ही १७ टाकाल, बोर्ड गुपचूप १८ करेल. झेनटायमिंग्ज नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये प्रत्यक्षात काय लागलं ते दिसतं, तेच खरं धरा.

टीआरएफसीवर थोडं थांबतो, कारण आपल्याकडच्या हवामानाचा संबंध तिथेच येतो. रॅममधला प्रत्येक कप्पा गळक्या मडक्यासारखा असतो, भरलेला विद्युतभार झिरपत राहतो आणि तो रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ मध्ये हे सगळे कप्पे ६४ मिलिसेकंदांत एकदा ताजे केले जातात. ते करायला किती वेळ द्यायचा तो टीआरएफसी, आणि दोन भरण्यांमध्ये किती थांबायचं तो टीआरईएफआय. टीआरएफसी कमी केला, टीआरईएफआय वाढवला की मेमरी मोकळी राहून कामाला जास्त वेळ मिळतो, बेंचमार्क खुलतो. पण तापलेली चिप वेगाने गळते. जेडेकचा हिशेब ८५ अंशांपर्यंतचा आहे, त्यावर दुप्पट वेळा ताजं करावं लागतं. टायमिंग ताणल्यावर मात्र मर्यादा कितीतरी खाली येते. ओव्हरक्लॉकिंगसाठी नावाजलेल्या सॅमसंग बी-डाय चिपसुद्धा पन्नाशीच्या आसपास कुरकुरायला लागतात.

जानेवारीत पुण्यात रात्री पंखा बंद करून केलेली चाचणी नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल काही सांगत नाही. बाहेर ४५ अंश असताना कूलर लावलेल्या खोलीतही कॅबिनेटच्या आत रॅमभोवती बरीच गरम हवा असते, आणि ग्राफिक्स कार्डाचा फुफाटा थेट स्टिकांवर जातो. नुसती मेमरी चाचणी चालू असताना ग्राफिक्स कार्ड थंडच असतं, म्हणून रात्रभर पास झालेली रॅम गेममध्ये अर्ध्या तासात कोसळते. यावर उपाय असा: टेस्टमेम५ पास झालं की ग्राफिक्सचा लोड आणि मेमरी चाचणी एकत्र चालवा, ओसीसीटीमध्ये दोन्ही मिळतात. कॅबिनेटचं झाकण लावूनच चाचणी घ्या. डीडीआर५ च्या स्टिकमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये आकडा दिसतो. डीडीआर४ मध्ये तो असेलच असं नाही. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांना माझा सल्ला, टीआरईएफआयला हात लावू नका आणि उरलेल्या टायमिंगमध्ये शेवटची पास झालेली पायरी सोडून तिच्या एक पायरी वर थांबा.

मेमरी चाचणीत प्रोसेसरला फारसा घाम येत नाही, तेव्हा शेवटी प्राइम९५ चे लार्ज एफएफटी किंवा वाय-क्रंचर तासभर चालवा. कंट्रोलर आणि फॅब्रिकची परीक्षा त्यात होते. नंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी शोधा. सगळ्या चाचण्या पास आणि तरी क्रमांक १९ च्या नोंदी साचत असतील, तर फॅब्रिक जास्त ताणलं आहे. एक पाऊल मागे या.

डीडीआर५ ची तऱ्हा थोडी वेगळी. मानक व्होल्टेज १.१, आणि व्होल्टेज सांभाळणारी चिप बोर्डवर नसून स्टिकवरच, त्यामुळे स्टिक जास्त तापते. रायझन ७००० मालिकेला ६००० सीएल३० ही सुखाची जागा आहे, त्यापलीकडे मेहनतीच्या मानाने हाती फार येत नाही. पहिल्यांदा सुरू करताना ट्रेनिंगला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर पडदा काळा असतो. घाबरून बटण दाबू नका. चार स्टिका लावायचा मोह टाळा. याच मालिकेत दोन स्टिकांना अधिकृत वेग ५२०० आहे, चारांना ३६००. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन. विक्रेता ‘यात ईसीसी आहे’ म्हणाला तर मान डोलवा आणि सोडून द्या. डीडीआर५ मधलं ईसीसी चिपच्या आतल्या चुका सुधारतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेल्या चुका त्याला दिसत नाहीत, आणि ओव्हरक्लॉकिंगच्या बऱ्याच चुका नेमक्या त्या वाटेतल्या.

‘ऑटो’वर सोडलेल्या व्होल्टेजवर नजर ठेवा. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या. एक्स्पो लावल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज परस्पर चढवत होते. एएमडीने नंतर बायोसमधून त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्या काळातला बोर्ड जुना म्हणून घेतला असेल तर बायोस आधी अपडेट करा, आणि ते काम यूपीएसवरच. चाचणीच्या मध्यात वीज गेली तर फक्त वेळ जातो, बायोस अपडेटच्या मध्यात गेली तर बोर्ड जाऊ शकतो.

हे सगळं कुणी करावं? टॅली, ब्राउझर, वर्डमध्ये प्रबंध लिहिणं, एवढंच काम असेल तर एक्सएमपी लावा, रात्रभर चाचणी घ्या आणि विषय संपवा. फरक जाणवणारच नाही. ५८००एक्स३डी सारख्या प्रोसेसरमध्ये ९६ एमबी एल३ कॅश असते, तिथेही रॅमच्या टायमिंगने फार काही हलत नाही. अंगभूत ग्राफिक्सवर खेळणारे आणि ज्यांना या खेळातच मजा वाटते ते, यांच्यासाठी हा खटाटोप. हिशेबाच्या वह्या किंवा ग्राहकांच्या लग्नाचे फोटो ज्या मशीनवर आहेत, त्यावर हाताने टायमिंग ताणू नयेत, इतकं मी ठामपणे सांगेन. तिथे एक्सएमपीसुद्धा अस्थिर वाटलं तर ३६०० चं ३४०० करून मोकळं व्हावं.

सेटिंग पक्की झाली की बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट केलं की साठवलेल्या प्रोफाइल बहुधा पुसल्या जातात, आणि नव्या बायोसवर जुनीच सेटिंग चालतील याची हमी नसते, म्हणून पुन्हा एक रात्र मेमटेस्ट. स्टिक वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर मानक वेगावर आणि एक्सएमपीवर आलेल्या लाल ओळींचे फोटो सोबत जोडा, हाताने केलेल्या सेटिंगवरचे नकोत. एकच स्टिक खराब असली तरी जोडीतल्या दोन्ही पाठवा. बऱ्याच कंपन्या तसंच मागतात, आणि एकटी पाठवली तर बदल्यात येणारी स्टिक वेगळ्याच चिपची असू शकते. पाठवण्याआधी दोन्हींवरच्या स्टिकरचे अनुक्रमांक बिलाच्या मागे लिहून ठेवा, कारण कुरिअरवाल्याच्या पावतीवर फक्त ‘कॉम्प्युटर पार्ट’ एवढंच असतं.